तो फोन मी केला नव्हता

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. कुणाला ओढ्याकाठी बाई दिसते, कुणाला माळ्यावर पावलं ऐकू येतात... माझं आयुष्य टेलिफोनच्या धंद्यात गेलं. आवाज एक तर तारेतून येतो, नाहीतर टॉवरवरून येतो, तिसरीकडून येत नाही — या मताचा मी माणूस. आजही त्याच मताचा आहे. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं मला स्वतःलाच पटत नाही. उरलेलं निम्मं पटतं, पण ते लिहायची लाज वाटते. घरच्यांनासुद्धा हे सगळं ठाऊक नाही, म्हणून माझं आडनाव छापू नये ही विनंती.

साल १९९९. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. उंब्रजमध्ये हायवेला लागूनच माझं दुकान होतं. एसटीडी बूथ, झेरॉक्स आणि त्या वर्षापासून मोबाईलची कार्डं. आजच्या पोरांना सांगून खोटं वाटेल, पण तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे आणि हँडसेट खिशात ठेवला की शर्ट एका बाजूला ओढला जायचा. आमच्या भागात कार्डं दोनच कंपन्यांची मिळायची, एक निळ्या पाकिटातलं आणि एक लाल. लाल पाकिटाची एजन्सी माझ्याकडे होती. दोन्हींची रेंज हायवेला धरून. हायवे सोडून फार आत शिरलं की हातात नुसतं खेळणं राहायचं.

गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिला प्रश्न एकच — आमच्याकडं लागंल का? कंपनीचा छापील नकाशा होता, पण त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. म्हणून मी स्वतःच एक मोठा नकाशा काढून भिंतीवर लावला. ज्या गावात रेंज येते तिथं हिरवा ठिपका. वर लाल स्केचपेननं ठळक लिहिलं — ‘सर्व ठिकाणी स्वतः जाऊन तपासलेले’. आणि बरीचशी गावं मी खरंच एम-एटी गाडीवर हिंडून तपासली होती. रविवारी निघायचं, दर गावात थांबून हँडसेटवर किती कांड्या येतात ते वहीत लिहायचं. अभिमान होता मला त्या नकाशाचा.

कोयनेच्या बाजूलाही एका रविवारी निघालो. मल्हारपेठेत रेंज होती. पाटणला एक कांडी यायची, जायची. तिथं मिसळ खाल्ली, एकावर एक दोन प्लेटी. ऊन चढलं होतं, पोट जड झालं होतं. म्हटलं, पुढच्या डोंगरातून कोण येणार आहे माझ्याकडं कार्ड घ्यायला? आणि तिथूनच गाडी माघारी वळवली. घरी येऊन हेळवाक, कोयनानगर, थेट घाटमाथ्यापर्यंत हिरवे ठिपके देऊन टाकले. नकाशाची ती बाजू मोकळी बरी दिसत नव्हती, दुसरं कारण नाही. हे मी कुणालाही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्यानंतर महिन्याभरात सुभेदार बनसोडे दुकानासमोर येऊन थांबले. थांबले म्हणजे त्यांचं घरच थांबलं. फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी जुनी मॅटाडोर घेतली होती आणि सहा महिने खपून तिचं राहतं घर केलं होतं. आत दोन बाकडी, त्यांच्याच रात्री खाटा व्हायच्या. स्टोव्हचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना काकींनी शिवलेले पडदे. बघायला अर्धा उंब्रज गोळा झाला. सुभेदार पन्नाशीचे, मिशा पिळदार, आवाज परेडचा. सुमनकाकी ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यावर बारीक लक्ष ठेवून असलेल्या.

कार्डाचा फॉर्म भरायला घेतला आणि पहिल्याच रकान्यात अडलो.

“काका, पत्ता काय लिहू?”

“गाडीचा नंबर लिव्ह. हेच घर हाय आमचं.”

“तसं चालत नाही हो.”

“सरकारनं पेन्शन द्यायला चालतंय, तुज्या कंपनीला चालंना व्हय?” सुभेदार हसले. शेवटी सांगलीच्या जावयाचा पत्ता घातला. मग मात्र ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि त्यांचा आवाज खाली आला.

“हे बघ संपत, मला मिरवायला नगं हे कार्ड. आमची आशा सांगलीला दिलीया. सातवा सरलाय, पयलं बाळंतपन. तिचं आन माजं रगात एकाच गटाचं. ओ निगेटिव्ह, लय दुर्मीळ असतंय म्हनं. डाक्टर म्हनलाय, ऐन वक्ताला बाप हाताशी असू द्या. आता हिचं माहेर हेळवाककडं. लय वर्सं गेलेली न्हाई, म्हून आठ दिस तिकडं गाडी लावून ऱ्हावं म्हनतोय. तवा खरं सांग. तिकडं हे वाजतंय का? न्हाई वाजत तर न्हाई म्हन. आमी बाळंतपन झाल्यावर जाऊ. कायबी घाई न्हाई.”

इतकं सरळ विचारलं होतं त्यांनी. ‘नाही’ म्हणायलाही त्यांनीच जागा करून दिली होती.

पण त्या महिन्यात पन्नास कार्डं खपवणाऱ्या दुकानदाराला कंपनी भिंतीवरचं घड्याळ देणार होती आणि मी अठ्ठेचाळीसवर होतो. शिवाय नकाशा भिंतीवर समोर होता, त्यावर माझ्याच हातचे ठिपके होते. ते खोटे आहेत असं चार माणसांत कोण म्हणणार?

“काका, मी स्वतः जाऊन आलोय,” मी म्हणालो. “घाटमाथ्यावर चार कांड्या येतात.”

चार! अहो, हायवेवर माझ्या दुकानात तीन यायच्या.

“बघा, म्हनलं न्हवतं मी?” काकी म्हणाल्या. “पोरगं सवता जाऊन आलंय.” त्यांचा चेहरा असा खुलला की मलाही क्षणभर आपण काही चांगलं केल्यासारखं वाटलं. ती दोघं कार्ड घेऊन गेली.

सहाव्या दिवशी कंपनीचे साहेब कोल्हापूरहून आले. माझी पन्नास कार्डं झाली होती. साहेबांनी घड्याळाचा खोका काउंटरवर ठेवला आणि भिंतीवरचा नकाशा निरखून बघायला लागले. “वा! असा डीलर पाहिजे. कोयनेपर्यंत तपासलंय तुम्ही?” मी मान डोलावली. तेवढ्यात बूथचा फोन वाजला. अकराचा सुमार असेल.

सांगलीहून सुभेदारांचे जावई बोलत होते. मोबाईलचा नंबर कळवताना सुभेदारांनी पाकिटावरच्या शिक्क्यातला माझ्या दुकानाचा नंबरही त्यांना दिला होता. “संपतराव, मामांचा मोबाईल लागत नाही हो. सकाळपासून लावतोय. आशाला दवाखान्यात आणलंय, रक्त लय जातंय. संध्याकाळच्या आत रक्त पाहिजे म्हणतायत. सांगलीत बघितलं, मिरजेत बघितलं, त्या गटाची एक बाटली मिळाली, ती लावली. आता मामाच पाहिजेत. कसंही करून निरोप पोचवा.”

मी काय करू शकलो असतो ते सांगतो. कोयनानगरला माझ्यासारखाच एक बूथवाला होता, चांगल्या ओळखीतला. त्याला एक फोन केला असता, तर तो स्वतः गाडी शोधत निघाला असता. त्या रस्त्याला पडदे लावलेली दुसरी मॅटाडोर कुठली असणार? अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण त्या अर्ध्या मिनिटात, साहेबांसमोर, माझ्या तोंडून हे निघालं असतं की तिकडं रेंज नाही. आणि ‘स्वतः जाऊन तपासलेले’ ही अक्षरं साहेबांच्या डोक्यावर होती.

मी म्हणालो, “लागेल हो. तिकडं रेंज आहे. लावत राहा, मीपण कळवतो.” आणि फोन ठेवला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही. कस्टमरला नंबर नीट लावता येत नाही.”

साहेब हसले. मीही हसलो. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मग आम्ही जेवायला ढाब्यावर गेलो. जावयांचा फोन परत येईल म्हणून निघताना मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, हेही सांगून टाकतो. मटणाचं ताट समोर आलं आणि मी जेवलो. मनात होतंच सारखं, उठावं, ढाब्यावरूनच फोन लावावा. पण साहेब पुढच्या महिन्याच्या टार्गेटचं बोलत होते. आता उठलो तर कारण सांगावं लागेल, म्हणून बसून राहिलो. भाकरी मात्र एकीवरच थांबली.

अडीचला साहेब गेले. तीनच्या सुमाराला मी कोयनानगरच्या बूथवाल्याला फोन लावला. म्हटलं, एक मॅटाडोर शोधायची आहे, पडदेवाली...

“ती घराची गाडी व्हय? ती गेली की रं खाली, दीडच्या आतबाहेर. म्हातारा हॉर्न दाबूनच हुता. काय झालंय काय?”

मी काही नाही म्हणून फोन ठेवला. सुटलो, एवढंच मनात आलं. कुणीतरी निरोप दिला असेल. सांगलीला फोन करून आशा कशी आहे एवढं तरी विचारायचं? नाही विचारलं. जावयांनी ‘तुम्ही कळवलंत का’ असं विचारलं असतं तर काय बोलणार होतो?

पुढचे चार दिवस दुकानासमोर ब्रेक वाजला की मी झेरॉक्सच्या मशीनमागं वाकायचो. पाचव्या दिवशी सकाळी मॅटाडोर आलीच. सुभेदार उतरले. आज मार खायचा, हे मी मनाशी धरूनच उभा राहिलो. दुकानात त्या वेळी चार गिऱ्हाईकं होती.

सुभेदार काउंटरला वळसा घालून आत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. रडत होते. काकींच्या हातात पेढ्यांचा खोका होता.

“नात झाली रं! दोगी बी सुकरूप हायत. आन तुज्यामुळं हायत.”

मला काही समजेना. मग ते गिऱ्हाइकांकडं वळले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर झऱ्याशेजारी गाडी लावली होती. पाच दिवस फोनवर एकही कांडी आली नव्हती. त्या दिवशी एकच्या सुमाराला जेवायला बसले आणि फोन वाजला.

“उचलला तर ह्यो गडी. म्हनला, ‘काका, मी संपत, उंब्रजचा. मी तुमास्नी खोटं बोललो. मी पाटनच्या फुडं कवाच गेलो न्हाई. मिसळ खाल्ली आन माघारी फिरलो. तिकडं रेंज येत न्हाई. माफ करा.’ आन हे मला फोनवरच सांगतोय, रेंज न्हाई म्हून!” सुभेदार डोळे पुसत हसले. “मग म्हनला, ‘आशाताईला दवाखान्यात नेलंय, तुमचं रगात पायजे, जेवत बसू नका, आत्ता निगा.’ ताट तसंच टाकून निगालो. पाचच्या आत टेबलावर झोपलो हुतो. डाक्टर म्हनला, आनखी तासभर उशीर झाला असता तर पोरगी हातची गेली हुती.”

चारही गिऱ्हाईकं माझ्याकडं बघत होती.

“खोटं तर सगळेच बोलत्यात,” सुभेदार म्हणाले. “पन आपून हून, कुनी पकडायच्या आदी, चूक कबूल करायला लय मोटं काळीज लागतंय गड्या. व्हय का न्हाई?”

मी तो फोन केला नव्हता. एक वाजता मी ढाब्यावर भाकरी मोडत होतो. पाटणच्या मिसळीचं जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. हे सगळं जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणालो, “व्हय काका. राहवलं नाही.”

पहिलं खोटं मी आळसानं आणि घड्याळापायी बोललो होतो. हे दुसरं कशापायी बोललो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित त्या फोनवरचा संपत मला आवडला होता. तो मीच असावा असं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी बूथच्या मशीनचा कागदी रोल उलगडून पाहिला. माझ्या दुकानातून केलेला प्रत्येक फोन त्यावर उमटायचा. अकरापासून तीनपर्यंत एकही नाही. पुढच्या महिन्यात सुभेदारांचं बिल माझ्याच हातून गेलं. येणाऱ्या फोनलाही पैसे लागत असल्यामुळे आलेला प्रत्येक फोन त्यात मिनिटासकट छापलेला असायचा. त्या तारखेला काहीही नव्हतं. म्हणजे माझ्या दुकानातून फोन गेला नाही, त्यांच्या मोबाईलवर आला नाही, आणि तरीही सुभेदार जेवणाचं ताट टाकून सव्वाशे किलोमीटर गाडी हाणत गेले.

बारशाला सांगलीला मला आग्रहानं बोलावलं. मी टाळत होतो, पण सुभेदार स्वतः न्यायला आले. मांडवात खुर्चीवर बसवून मला टॉवेल-टोपी केली, नारळ दिला. आशा अजून अशक्तच होती, तरी उठून आली आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. “मामा, हिला आशीर्वाद द्या.” मी त्या पोरीकडं पाहू शकलो नाही. टोपी डोक्यावर जळत होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला सारखं वाटत होतं, आत्ता कुणीतरी उठून म्हणेल की अहो, हा नव्हे तो!

जेवणं झाल्यावर काकींनी मला बाजूला बोलावलं. “एक सांगू का रं? ह्यास्नी बोलले न्हाई मी, उगा भ्यालं असतं. त्यो फोन बंद हुता. रेंज न्हाई तर बॅटरी कशाला जाळायची, म्हून मीच बंद करून तांदळाच्या डब्यात ठिवला हुता. डब्यातनं वाजला.”

मी म्हणालो, “कंपनीचं असतं काकी तसं कधीकधी.” तिसरं खोटं.

त्यानंतर सुभेदारांनी माझी कीर्ती जिथं जिथं गाडी नेली तिथं तिथं नेली. खरं बोलणारा दुकानदार म्हणून लोक लांबून यायचे. ‘कार्ड घ्यायचं तर उंब्रजच्या संपतकडं, त्यो फशिवनार न्हाई.’ धंदा वाढला, दुकान मोठं झालं. नकाशा मी तेव्हाच काढून फाडला होता. पुढं खरोखरच ज्या गावात स्वतः गेलो नाही तिथलं कधी काही सांगितलं नाही. पण तो चांगुलपणा नव्हता, धास्ती होती.

गेल्या वर्षी सुभेदार वारले. मी मातीला गेलो. तिथं चार माणसांत पुन्हा तीच गोष्ट निघाली, आणि मी पुन्हा मान खाली घालून ऐकली. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. घरी येऊन मला ताप भरला. वीस-पंचवीस वर्षं त्या माणसाला सांगायची संधी रोज होती आणि मी एकदाही घेतली नाही.

महिन्याभरानं सांगलीला जाऊन काकींना भेटलो. दुपारची वेळ होती. काकी आशाच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मिसळ, घड्याळ, साहेब, काढून ठेवलेला रिसीव्हर, ढाबा. त्यांची लेक तिथं मरणाच्या दारात होती आणि मी इथं नळी फोडत होतो, हेही सांगितलं. “काकी, तो फोन मी केला नव्हता,” म्हणालो.

काकींचे हात थांबले नाहीत. पाच-सहा शेंगा फोडून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग कोन हुतं?”

“ठाऊक नाही. आईशपथ, मला आजपर्यंत कळलेलं नाही.”

“आवाज तर तुजाच हुता. आवाज मोटा यावा म्हून फोन सुपात ठिवून दोगांनी बी ऐकला आमी.”

“हो. पण मी नव्हतो.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. भाजी घेताना बाई निवडून बघते, तसं. मग मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

“कोन का असंना,” काकी म्हणाल्या, “तुज्यापरीस बरा मानूस हुता त्यो.”

मी म्हणालो, “व्हय काकी.”